वेठीचा वधस्तंभ

येशूच्या दुःखसहनाच्या वृत्तांतात कुरेनेकर शिमोनाच्या वाट्याला मार्क, मत्तय आणि लूक ह्या तिघांनीही एकेकच वचन दिलेले आहे, आणि योहानाने तेवढेही दिलेले नाही. त्याच्या शुभवर्तमानात येशू आपला वधस्तंभ आपणच वाहत गुलगुथ्याकडे जातो. आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावरील कुरेने नगरचा हा माणूस त्या सकाळी रानातून यरुशलेमेकडे येत असता शिपायांच्या नजरेस पडतो. फटक्यांनी खचलेल्या कैद्याच्याने ओझे वाहवत नाही, आणि हुकमाची बजावणी तर वेळेत व्हायला हवी, म्हणून ते ह्या वाटसरूला वेठीला धरतात, त्याच्या खांद्यावर लाकूड देतात आणि तो चालू लागतो. त्याने होकार दिल्याचे कोणी लिहिलेले नाही, नकार दिल्याचेही नाही. असे असूनही जवळजवळ दोन हजार वर्षे ख्रिस्ती मंडळी ह्या माणसाला धन्य मानीत आली आहे, आणि रोमन कॅथलिक मंदिरांतून क्रूसाच्या वाटेची जी चौदा स्थाने मांडलेली असतात त्यांतील पाचवे स्थान त्याच्या नावाने आहे. जे कृत्य माणसाने आपण होऊन केले नाही, जे त्याच्याकडून दरडावून करवून घेतले गेले, ते सत्कृत्य असले तरी त्याचे म्हणावे काय, हा प्रश्न माझ्या मनात लहानपणी शिरला आणि पुढे आयुष्यभर तेथेच मुक्काम करून राहिला. त्याला निमित्त झाले ते आमच्या मंडळीने उत्तम शुक्रवारच्या आदल्या सायंकाळी केलेले एक नाटक, ज्यात कुरेनेकर शिमोनाची भूमिका माझ्याकडे होती.

अहमदनगर जिल्ह्यातील एका मिशन कंपाऊंडात, वसतिगृहातील मुले, शाळेतील शिक्षक, उद्योगशाळेतील सुतार आणि मंडळीतील काही हौशी माणसे ह्यांनी मिळून हा प्रयोग बसवला होता. मंडळीत नाटकाला विरोध करणारी वडीलधारी माणसे होती, आणि तो विरोध केवळ त्यांच्या स्वभावातून आलेला नव्हता, त्याला मोठी जुनी परंपरा आहे. इसवी सन 200 च्या सुमारास कार्थेजच्या तर्तुलियनाने ख्रिस्ती माणसाने प्रेक्षागारात पाऊलही टाकू नये असे निक्षून लिहिले, आणि त्या भूमिकेचे वारस पुढे प्रत्येक शतकात निघाले. परंतु नगरच्या मातीत दुसरीही एक परंपरा रुजलेली होती. कृष्णराव सांगळे ह्यांनी एकोणिसाव्या शतकातच तेथे ख्रिस्ती कीर्तनाची प्रथा घातली, नारायण वामन टिळकांनी तिला आपल्या काव्याचे बळ दिले, आणि टाळ-मृदंगाच्या साथीने ख्रिस्तचरित्र ऐकणाऱ्या मंडळीला तेच चरित्र डोळ्यांनी पाहण्यात पाप आहे असे पटवून देणे अवघड होते. शेवटी पाळकसाहेबांनी नाटकाला संमती दिली, मात्र एका अटीवर : प्रभू येशूची भूमिका कोणीही करावयाची नाही. मर्त्य माणसाने, त्यातही परीक्षेत नापास होणाऱ्या आणि वसतिगृहाच्या भिंतीवरून उड्या मारणाऱ्या एखाद्या मुलाने, दाढी चिकटवून प्रभू म्हणून मंडळीसमोर उभे राहावे हे त्यांना सोसणारे नव्हते. हा संकोच आमच्या कंपाऊंडापुरता होता असेही नाही. इंग्लंडात 1968 साली नाटकांवरील परीक्षण उठेपर्यंत ख्रिस्ताचे पात्र रंगभूमीवर आणण्यास सरकारी परवाना मिळणे दुरापास्तच असे, आणि 1951 मध्ये यॉर्क शहराने आपली मध्ययुगीन नाट्यमाला पुन्हा उभी केली तेव्हा ख्रिस्ताची भूमिका करणाऱ्या नटाचे नाव कार्यक्रमपत्रिकेत छापलेले नव्हते.

आमच्या नाटकाचे लेखक आणि दिग्दर्शक म्हणजे शाळेतील मराठीचे मास्तर. त्यांनी ह्या अटीतून जी वाट काढली तिचे मला आजही नवल वाटते. लूक असे सांगतो की शिमोनाने वधस्तंभ येशूच्या मागून वाहिला. त्या एका शब्दावर मास्तरांनी सारा प्रवेश रचला. डावीकडच्या विंगेतून वधस्तंभाचे केवळ मागचे टोक, जमिनीवर टेकलेले, रंगमंचावर हातभर बाहेर आलेले दिसे. पुढचे टोक आणि ते ज्याच्या खांद्यावर आहे तो, दोन्ही पडद्याआड. टोक थोडे पुढे सरके, थांबे, पुन्हा सरके आणि मग धाडकन आवाज होऊन निश्चल होई. त्याच क्षणी उजवीकडून मी, म्हणजे शिमोन, खांद्यावर घोंगडी टाकून प्रवेश करावयाचा, शिपायांनी मला अडवावयाचे, ओढत त्या टोकाशी न्यावयाचे आणि ते उचलून मी विंगेत दिसेनासा व्हावयाचे. मला एकच वाक्य होते, ‘मी परगावचा आहे’, आणि ज्या कागदावर मास्तरांनी माझी नक्कल उतरवून दिली होती त्यावर ह्या वाक्याखेरीज उरलेला सारा मजकूर हालचालींचाच होता. प्रेक्षकांना येशू दिसत नसे. लाकडाच्या सरकण्यावरून तो चालतो आहे, आणि लाकूड थांबल्यावरून तो पडला आहे, एवढेच कळे. पुढे मी पुष्कळ नाटके पाहिली, चित्रपटांतून येशूला रक्तबंबाळ झालेलाही पाहिला, पण त्या हातभर लाकडाच्या थांबण्याने मंडळीतून जो सुस्कारा उमटला तसा मी दुसरीकडे ऐकला नाही.

वधस्तंभ पोकळ करावा की भरीव, ह्यावरही चर्चा झाली होती. मुलांना झेपावा म्हणून पातळ फळ्यांचा खोका करून त्यावर काळा रंग द्यावा असे मास्तरांचे मत होते. उद्योगशाळेच्या सुताराने काही न बोलता बाभळीचा वासा तासून आणून ठेवला. तो उचलताना माझ्या मानेची शीर ताठ होई आणि पहिल्या तालमीत माझी पावले इतकी वेडीवाकडी पडली की शिपाई झालेल्या मुलांनाच मला सावरावे लागले.

त्या आठवड्यात माझे आजोबा गावाहून आलेले होते. आम्ही त्यांना आबा म्हणत असू. तालीम पाहत ते दाराशी बसले होते, आणि तालीम संपल्यावर त्यांनी मला जवळ बोलावून तो वासा पुन्हा उचलायला लावला. ‘आरं, मान वर धरलीस तर सगळं मानंवरच बसतं,’ असे म्हणून त्यांनी माझी मान एका बाजूला कलती केली, घोंगडीची घडी करून ती खांद्याच्या हाडाच्या आत, मानेच्या मुळाशी सरकवली, वाशाखालून माझा हात पलीकडे नेऊन कोपर बरगडीला टेकवला आणि आधी डावा पाय, मग श्वास, मग उजवा पाय, असे मला मास्तरांसमोर चालवून दाखवले. लाकूड तेच होते, पण माझ्या पायांना एकाएकी वाट सापडली. हे तुम्हांला कोठून ठाऊक, असे मास्तरांनी विचारले तेव्हा आबांनी जे सांगितले ते त्यांनी आम्हां घरच्यांनाही तोवर सांगितलेले नव्हते.

आमचे घराणे महार वतनदारांचे. बाप्तिस्मा झाला म्हणून गावकामगारकीतून कोणाची सुटका होत नसे. पाटलाच्या लेखी माणसाचा धर्म बदलला तरी त्याचे वतन आणि वतनाबरोबरची सरकारी कामे जागच्या जागी राहत. अंमलदार दौऱ्यावर निघाला की राहुटीच्या काठ्या, भांड्यांची पेटी, दफ्तराची गाठोडी हे सर्व गावच्या महारांनी पुढच्या गावच्या शिवेपर्यंत पोचवावयाचे आणि तेथे त्या गावचे लोक वेठीला धरून आणलेले असत त्यांच्या हवाली करावयाचे, असा रिवाज होता. पेरणीचा दिवस असो, घरात बाळंतीण असो, हुकूम सुटला की हातातले काम टाकून निघावे लागे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाविषयीचे विधेयक मांडले ते ह्याच गुलामगिरीविरुद्ध, आणि कनिष्ठ ग्रामवतने नाहीशी करणारा कायदा व्हायला 1958 साल उजाडावे लागले. आबांनी तरुणपणी अशी ओझी पुष्कळ वाहिली होती. ती सांभाळून का वाहिली, मुद्दाम आपटून साहेबाची भांडी का फोडली नाहीत, असे आमच्यातील एका आगाऊ मुलाने विचारले, तेव्हा त्यांनी शांतपणे उत्तर दिले, ‘नीट न्यायचं ते आपल्या मानंसाठी. सायबासाठी न्हाई.’

ह्या उत्तरात मला पुढे पुष्कळ अर्थ दिसू लागला, आणि तो अर्थ पाहताना मंगळवेढ्याच्या चोखोबांची आठवण टाळता येत नाही. संतचरित्रे सांगतात की 1338 साली मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळून तिच्याखाली वेठीला लावलेली माणसे गाडली गेली. त्यांत चोखोबा होते, आणि नामदेवांनी तेथे येऊन ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या चोखोबांच्या म्हणून ओळखल्या, त्या पंढरपुरास नेऊन महाद्वारापाशी त्यांची समाधी बांधली. भिंतीचे काम चोखोबांचे नव्हते. ते गावाने त्यांच्यावर लादलेले होते. नाम मात्र त्यांचे होते, आणि ते त्या लादलेल्या कामाच्या आतच चाललेले होते. आपल्या संतपरंपरेने ह्या कथेत भिंतीला कोठेही पुण्य चिकटवले नाही, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

आता प्रश्न शास्त्राच्या बाजूने पाहू. ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्राच्या तिसऱ्या भागात सक्तीच्या कृत्याची व्याख्या अशी केली आहे की ज्याचे मूळ कर्त्याच्या बाहेर असते आणि ज्यात कर्त्याचा स्वतःचा काहीही वाटा नसतो ते कृत्य सक्तीचे. परंतु वादळात सापडलेले गलबत वाचवण्यासाठी माल समुद्रात फेकणारा खलाशी, ह्याचे कृत्य तो मिश्र मानतो, कारण तो माल राजीखुशीने टाकीत नसला तरी हात त्याचेच हलत असतात. कांटचा निकाल अधिक कठोर आहे : भयाने केलेले कृत्य बाहेरून कर्तव्याशी कितीही जुळले तरी त्याला नैतिक मूल्य नाही. ह्या दोघांपुढे शिमोनाला उभे केले तर कांटच्या दफ्तरात त्याच्या नावे काहीच जमा होणार नाही, आणि ॲरिस्टॉटल त्याला मिश्र कृत्यांच्या सदरात घालील. रंगमंचावर उभे राहून मला ॲरिस्टॉटलचे म्हणणे अंगाने पटले, असे म्हणायला हरकत नाही. शिपायांनी मला ओढावे, दरडावावे, लाकूड माझ्या खांद्यावर लादावे, येथपर्यंत सारे काही त्यांच्या हाती असे. पण त्यानंतरचे पाऊल कोणीही माझ्यासाठी टाकू शकत नव्हते. अत्यंत टोकाच्या सक्तीतही चालणे वेठीला धरलेल्या माणसालाच करावे लागते, आणि त्या चालण्यात, ते कितीही नाइलाजाचे असो, त्याचे काहीतरी असतेच.

ते ‘काहीतरी’ म्हणजे पुण्य नव्हे, हे आबांच्या उत्तराने स्पष्ट केले आहे. त्यांचे चालणे त्यांचे होते, ओझे नीट नेण्याचे कसब त्यांचे होते, परंतु त्या कसबाने साहेबाची सेवा घडली असे त्यांनी कधीही मानले नाही आणि कोणी मानावे अशीही त्यांची इच्छा नव्हती. मग शिमोनाचे ओझे निराळे कशाने ठरते? सक्ती दोन्हीकडे सारखीच, चालणेही तसेच. निराळे आहे ते एवढेच की पुढे चालणारा कोण होता. आणि हे शिमोनाला त्या सकाळी ठाऊक असण्याचा संभव फार थोडा. त्याला रक्ताने माखलेला एक दंडित अपराधी दिसला असेल, ज्याच्या स्पर्शाने सणाच्या तोंडावर आपण अशुद्ध होऊ अशीच धास्ती त्याला वाटली असेल. भागवताच्या सहाव्या स्कंधातील अजामिळ मरणकाळी आपल्या लेकाला हाक मारतो आणि त्या नारायण नावाने तरतो; वाल्या कोळी उलटे नाम घोकीत सुलटा होतो. नकळत घडलेल्या गोष्टीचेही फळ मिळते ही श्रद्धा आपल्याकडे घरोघर आहे, आणि मी तिला तुच्छ मानीत नाही. पण शिमोनाच्या बाबतीत ती मला पुरी पडत नाही. अजामिळाच्या मुखातून नाम निघाले ते निदान कोणी त्याच्याकडून वदवून घेतले नव्हते.

माझे उत्तर मला तत्त्वज्ञांच्या ग्रंथांत मिळाले नाही, ते आमच्याच घराण्याच्या इतिहासात होते, आणि तो इतिहास सांगताना आमच्या समाजातील पुष्कळांची मान अकारण खाली जाते म्हणून मी तो येथे उघडपणे सांगतो. छप्पनचा दुष्काळ म्हणून आपल्याकडे ज्याची आठवण राहिली त्या 1899-1900 च्या दुष्काळात नगर जिल्हा होरपळून निघाला. विहिरी आटल्या, गुरे गेली, माणसे सरकारी खडीकामांवर आणि मिशनांच्या दारांशी जमा झाली. पंडिता रमाबाईंनी त्याच काळात दूरदूरच्या प्रांतांतून दुष्काळग्रस्त मुली केडगावच्या मुक्तिसदनात आणल्या, आणि अमेरिकन मराठी मिशन, जे 1831 पासून नगरला होते, त्याच्या अनाथालयांतून मुलांची रांग लागली. त्या रांगेत दहा वर्षांचे आबा आपल्या आईचा पदर धरून उभे होते. आई लवकरच वारली, मुलगा राहिला, शिकला आणि काही वर्षांनी त्याचा बाप्तिस्मा झाला. भाकरीसाठी बाटलेले, हा टोमणा आम्ही तीन पिढ्या ऐकत आलो. आबांनी त्याला कधीही खोटे म्हटले नाही. ते म्हणत, ‘भुकंनं आणलं हे खरंच हाय. पर पाऊस पडल्यावर भूक गेली, तवा मी का राहिलो ते मला इचारा.’ पाऊस पडल्यावर पुष्कळ जण आपापल्या गावी आणि आपापल्या जुन्या देवांकडे परत गेले. त्यांना जाण्याचा पूर्ण हक्क होता. आबा राहिले. भुकेची सक्ती होती तोवरच्या दिवसांचा हिशेब ते कोणालाही देत नसत, आपल्या श्रद्धेचा दाखला म्हणून ते त्यानंतरची वर्षे पुढे करीत.

ह्यावरून मला असे दिसते की कृत्य घडण्याच्या क्षणीच ते कोणाचे हे कायमचे ठरून जाते, हा समज अपुरा आहे. घडलेले बदलता येत नाही, वेठ ही वेठच राहते. पण माझ्यावर हे गुदरले असे म्हणत मनुष्य त्या आठवणीपासून दूर राहू शकतो, अथवा हे माझे आहे असे म्हणून मागाहून तिचा स्वीकार करू शकतो, आणि हा स्वीकार पूर्णपणे त्याच्या इच्छेचा असतो. डोंगरावरील प्रवचनात येशूने, कोणी तुला एक मैल वेठीला धरून नेले तर त्याच्याबरोबर दोन मैल जा, अशा आशयाची जी शिकवण दिली ती ऐकणाऱ्या श्रोत्यांना अशी वेठ ठाऊक होती. पहिला मैल हुकमाचा आहे हे त्या शिकवणीत गृहीतच धरलेले आहे. दुसऱ्या मैलावर हुकूम चालत नाही, कारण तो मागितलेलाच नसतो.

परंतु येथे एक मोठा धोका आहे, आणि तो ओळखल्यावाचून हा विचार पुढे नेणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. इसवी सन 408 च्या सुमारास संत ऑगस्टीनने विन्सेंशियस नावाच्या गृहस्थाला एक दीर्घ पत्र लिहिले. उत्तर आफ्रिकेतील दोनातस पंथाच्या लोकांना बादशाही कायद्यांच्या धाकाने मुख्य मंडळीत आणावे की नाही असा वाद होता. श्रद्धेच्या कामी जबरदस्ती नसावी असेच आपले आधी मत होते, पण उदाहरणे पाहून ते बदलले, असे ऑगस्टीन सांगतो : माझे स्वतःचे नगर कायद्याच्या भीतीने एकत्र आले, आणि आज तेच लोक आपल्याला आणल्याबद्दल आभार मानतात. मेजवानीच्या दाखल्यात धन्याने दासाला लोकांना आत येण्यास भाग पाड असे सांगितलेले आहे, त्याचाही आधार त्याने घेतला. पुढील कित्येक शतकांत त्या पत्राचा आधार घेऊन काय काय झाले, हे सांगायला लांब जायला नको. आमच्या शेजारी गोव्यात 1560 पासून 1812 पर्यंत, मधला थोडा काळ सोडता, धर्मसमीक्षण न्यायालय चालू होते, आणि त्याच प्रदेशात 1616 साली फादर स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले. मराठी भाषेवर जीव जडलेल्या एका ख्रिस्ती माणसाचे ते काम आणि ते न्यायालय एकाच छत्राखाली नांदत होते, हे दुःख आम्हां मराठी ख्रिस्ती लोकांनी विसरून चालणार नाही.

ऑगस्टीनची वस्तुस्थिती खोटी होती असे मी म्हणत नाही. दडपणाने आणलेली माणसे पुढे मनापासून राहतात, कृतज्ञही होतात. माझ्या आजोबांच्या तोंडून मी तेच ऐकले. चूक आहे ती ती साक्ष कोणी वापरली ह्यात. वेठीला धरला गेलेला माणूस मागाहून त्या ओझ्याला आपले म्हणतो तेव्हा तो जे देतो ते त्याचे दान असते, आणि त्या दानावर धरणाऱ्याचा काडीइतकाही हक्क पोचत नाही. आबांनी मिशनचे उपकार मानले, आणि ते मानण्याचा अधिकार त्यांचा एकट्याचा होता. मिशनच्या एखाद्या अधिकाऱ्याने तीच कृतज्ञता दाखवून दुष्काळ ही देवाची कृपा होती असे म्हटले असते, तर ती दुसऱ्याच्या दुःखाची चोरी ठरली असती. शिमोन धन्य झाला म्हणून शिपायाचा हुकूम पवित्र होत नाही, आणि चोखोबा संत होते म्हणून भिंत बांधून घेणाऱ्या गावाचा दोष फिटत नाही.

शिपायाची बाजू मांडणारे म्हणतात की तोही हुकमाचा ताबेदारच होता. यॉर्कच्या ज्या नाट्यमालेचा उल्लेख वर आला तीत शहरातील एकेका कारागीर संघाकडे एकेक प्रसंग सोपवलेला असे, आणि खिळे ठोकण्याचा प्रसंग खिळे बनवणाऱ्यांच्या संघाकडे होता. त्यात चार शिपाई लाकडाची भोके चुकीच्या जागी पडली म्हणून आपसात कुरकुर करतात, दोऱ्या लावून हात ताणतात आणि आपण कोणाला खिळतो आहोत ह्याचा विचार त्यांच्या बोलण्यात जवळजवळ येतच नाही. मध्ययुगातील त्या कारागिरांनी सक्तीच्या साखळीचे रूप फार नेमके पाहिले होते. शिपाई शताधिपतीच्या हुकमात, शताधिपती पिलाताच्या, पिलात बादशहाच्या. आमच्या गावी पाटील मामलेदाराच्या, मामलेदार कलेक्टरच्या. ह्या उतरंडीतला प्रत्येक जण आपला नाइलाज आहे असे सांगतो, आणि प्रत्येकाचे थोडे खरेही असते. पण राहुटीच्या काठ्यांचे वजन मात्र सर्वांत खालच्या माणसाच्या मानेवरच उतरते. त्याचा नाइलाज आणि वरच्यांचा नाइलाज एकाच तराजूत घालणे मला अन्यायाचे वाटते.

मार्काच्या त्या एका वचनात आणखी एक गोष्ट आहे, जी मत्तयाने आणि लूकाने गाळली. शिमोन हा आलेक्सांद्र आणि रूफ ह्यांचा बाप, असे मार्क सांगून जातो, आणि ते दोघे कोण हे सांगण्याची त्याला गरज भासत नाही. ज्या मंडळीसाठी तो लिहीत होता ती त्यांना ओळखत होती, असाच ह्याचा अर्थ बहुतेक टीकाकार करतात. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या शेवटी पौल एका रूफाला आणि त्याच्या आईला सलाम पाठवतो आणि ती मलाही आईसारखी आहे असे म्हणतो. तो हाच रूफ की दुसरा, हे सिद्ध करता येत नाही. यरुशलेमेजवळच्या किद्रोन खोऱ्यातील एका थडग्यात 1941 साली सापडलेल्या अस्थिपेटीवर शिमोनाचा मुलगा आलेक्सांद्र असे कोरलेले आहे. ही नावे त्या काळी इतरांचीही असत, म्हणून तिच्यावरही भिस्त ठेवता येत नाही. मार्काचे वचन मात्र तेवढ्यावर अवलंबून नाही. बापाने त्या सकाळची गोष्ट घरी सांगितली असली पाहिजे, आणि ती अशा रीतीने सांगितली असली पाहिजे की मुले त्या वधस्तंभाला लाजली नाहीत.

आमच्या नाटकात मास्तरांनी मूळ संहितेत आणखी एक प्रवेश लिहिला होता. गुलगुथ्यावर ओझे उतरवल्यानंतर शिमोन परत फिरत नाही. तो वधस्तंभाच्या पायाशी स्त्रियांच्या मागे गुडघे टेकून बसतो आणि अंधार पडतो, असा तो होता. पाळकसाहेबांनी तो प्रवेश काढायला लावला. शास्त्र जेथे मौन धरते तेथे आपण बोलू नये, एवढेच कारण त्यांनी दिले. मास्तर फार नाराज झाले, आम्ही मुलेही झालो, कारण तो प्रवेश सर्वांत हृद्य होता. त्या वेळी मी मास्तरांच्या बाजूचा होतो, आता पाळकसाहेबांच्या बाजूचा आहे, परंतु त्यांच्या कारणासाठी नव्हे. शिमोनाला त्याच दुपारी गुडघे टेकायला लावले असते तर शिपायांनी सुरू केलेली वेठ नाटककाराने पुरी केली असती, आणि तासाभरापूर्वी दरडावून आणलेल्या माणसाकडून आम्ही त्याची श्रद्धाही वसूल करून घेतली असती. आबांना त्यांचे उत्तर सापडायला एक पाऊसकाळ आणि त्यानंतरची कित्येक वर्षे लागली. मार्काने आपले शुभवर्तमान लिहिले ते बहुतेक अभ्यासकांच्या मते इसवी सन 70 च्या आसपास, म्हणजे त्या शुक्रवारनंतर सुमारे चाळीस वर्षांनी. शिमोनाचा जो काही होकार असेल तो त्या चाळीस वर्षांतला आहे, आणि तेथे शिरण्याचा परवाना ना शिपायाला आहे, ना पाळकाला, ना नाटक लिहिणाऱ्याला. प्रयोगात मी लाकूड खाली ठेवले, घोंगडी झटकली आणि आपल्या वाटेने निघून गेलो, आणि तो प्रवेश असाच असावयास हवा होता, असे माझे आता ठाम मत आहे.